बारावीनंतरची सुट्टी आणि पहिली कादंबरी: खान्देशातल्या नव्या लिहिणाऱ्यांसाठी

बारावीचा शेवटचा पेपर मार्चच्या मध्यावर संपतो आणि कॉलेज खऱ्या अर्थानं सुरू व्हायला जुलै उजाडतो. मधले चार महिने. कादंबरी लिहायची हौस असलेल्या मुलामुलींना ते फार मोठे वाटतात आणि म्हणूनच वाया जातात. आपल्याकडे थोरामोठ्यांनी पंधरा दिवसांत कादंबरी हातावेगळी केल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्या ऐकून पोरं मे महिन्याची वाट पाहत बसतात, आणि मे आला की डोकं तापतं. म्हणून आधी हिशेब करा, कथानकाचं नंतर बघू.

दिवस मोजा

१५ मार्च ते १५ जुलै म्हणजे १२२ दिवस. सीईटी देणार असाल तर त्यातले चाळीसेक तिकडे गेले, ते मुकाट्यानं सोडा. लग्नसराई आणि अखाजी (अक्षय्य तृतीया) मिळून दहा-बारा दिवस जातील. घरची शेती असेल तर मे अखेरीला बागायती कपाशीची सरकी टोबायला आणि नंतर पहिल्या पावसाच्या पेरणीला घरचे हात लागतातच, तेव्हा आणखी दहा धरा. उरले साठ. रोज ५०० शब्द लिहिले तर साठ दिवसांत ३०,००० शब्द होतात. छापील पानावर साधारण २५० शब्द बसतात, म्हणजे १२० पानांची लघुकादंबरी. पहिल्या खेपेला एवढं पुष्कळ आहे. चारशे पानांचा बेत करणाऱ्याची वही बहुधा चाळिसाव्या पानावर थांबते. ती का थांबते, ते पुढे येईलच.

५०० शब्द म्हणजे किती, हे हाताला कळलं पाहिजे. २०० पानी लाँगबुक घ्या. एक ओळ सोडून लिहा आणि फक्त उजव्या पानावर लिहा. डावं पान दुरुस्तीसाठी कोरं. अशा पानावर चौदा ओळी बसतात, ओळीत आठ-नऊ शब्द, म्हणजे पानाला सव्वाशेच्या आत-बाहेर. रोजची चार पानं. एका वहीत साडेबारा हजार शब्द मावतात, तेव्हा तीन वह्या एकदमच आणून ठेवा. वही संपल्याचं निमित्त करून चार दिवस दुकानात न जाणं, हा आळसाचा जुनाच प्रकार आहे.

पेन साधं बॉलपेन. जेल पेन पानावर देखणं उठतं, पण मे महिन्यात तळहाताला घाम असतो आणि अक्षर पुसटतं. हाताखाली जुन्या वहीचं एक पान दुमडून ठेवा. कूलरची हवा थेट वहीवर येऊ देऊ नका. एक तर पानं फडफडतात, दुसरं म्हणजे त्या ओलसर हवेनं कागद मऊ पडतो आणि पेन रुततं. वहीला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावले की काम भागतं.

वेळ

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४३-४५ अंशांपर्यंत जातो. दुपारी बारा ते चार या वेळेत नवीन मजकूर लिहायचा हट्ट धरू नका. तेव्हा वाचन करा, जुनं टाइप करा किंवा सरळ झोपा. लिहायची खरी वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात. गच्चीवर झोपत असाल तर उजाडलं की जाग येतेच. खाली उतरून तोंड धुतलं की वही उघडायची, फोन नाही. तुमच्या गावात नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येत असेल तर त्या दिवसाचं लिखाण आदल्या रात्री उरका, कारण मोटार लावायला तुम्हालाच उठवणार. घरची अशी दोन-तीन कामं न सांगता केली की "काय लिहीत बसतोस दिवसभर" हे वाक्य निम्म्यानं कमी होतं. पूर्ण बंद होत नाही.

बसल्यावर कालचं फक्त शेवटचं पान वाचा. पहिल्यापासून वाचायला घेतलं की दुरुस्ती सुरू होते, आणि पहिलं प्रकरण सात वेळा लिहून दुसरं कधीच न लिहिलेले लोक तालुक्या-तालुक्यात सापडतात. थांबताना प्रसंग अर्धा ठेवून थांबा, पुढचं वाक्य ठाऊक असताना. दुसऱ्या दिवशी गाडी ढकलावी लागत नाही.

कान लावणं

इथे घाई करू नका. कादंबरीतली निम्मी जान संवादात असते, आणि खान्देशातल्या पोराच्या कानात जे आहे ते वहीत उतरत नाही, ही पहिल्या खर्ड्याची सर्वांत मोठी खोट. पात्रं धरणगावची, दोंडाईच्याची, पण बोलतात पाठ्यपुस्तकासारखी.

खिशात मावेल अशी छोटी डायरी ठेवा आणि रोज पाच वाक्यं टिपा, जशी ऐकली तशी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: कोण बोललं, कोणाशी, कुठे. तिसरी गोष्ट नवखे लिहीत नाहीत आणि नेमकी तीच पुढे कामाला येते. पारोळ्याच्या स्टँडवर एखादी बाई फोनवर लेकीला सांगते, "मी आठे स्टँडवर बठेल शे, तू तठेच थांब." फोन ठेवते आणि चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारते, "साहेब, धुळ्याची गाडी किती वाजता आहे?" माणूस तोच, मिनिटही तेच, भाषा दोन. खिडकीपाशी तिनं पदरही सारखा केला असेल, तर तेही लिहा. आपल्याकडचा माणूस कोणाशी अहिराणी बोलतो आणि कोणासमोर 'शुद्ध' होतो, यात घराणं, शिक्षण, पैसा, लाज सगळं येतं. कॉलेजात गेलेली बहीण घरी आईशी 'मना-तुना' सोडून 'माझं-तुझं' बोलायला लागली, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं.

बाप रात्री उशिरा आलेल्या मुलाला विचारतो. "तू कुठे गेला होतास? जेवण झाले का?" असं लिहिलं तर तो बाप शिक्षक वाटतो. "कथा गयथा रे? जेवन व्हयनं का?" असं लिहिलं की ओसरी दिसते. साताऱ्याच्या वाचकाला 'कथा' आणि 'व्हयनं' अडतील, पण पुढच्या ओळीत मुलगा "मित्राकडेच जेवलो" म्हणाला की अर्थ आपोआप लागतो. कंसात अर्थ देऊ नका. शेवटी शब्दार्थांची यादीही नको, ती शाळेच्या पुस्तकाला शोभते. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं बोलीत, ही वाट नवख्याला सोपी जाते. सगळी कादंबरी अहिराणीत लिहायची असेल तर खुशाल लिहा, पण मग निवेदकही त्याच गावचा हवा.

बोली लिहिताना दोन गोष्टी बिघडतात. एक, लेखन एकसारखं राहत नाही: एका पानावर 'शे', दुसऱ्यावर 'से'. वहीच्या मागच्या पानावर वीस-पंचवीस शब्दांची आपली यादी करा (शे, माले, तुले, आठे, तठे, कथा) आणि तीच पाळा. दुसरी गोष्ट, सगळा खान्देश एकच बोलतो असं धरलं जातं. धुळ्याकडची अहिराणी आणि रावेर-यावलकडची लेवा बोली यांत चांगलंच अंतर आहे. सातपुड्यात पावरी आहे, नंदुरबारकडे भिलीचे प्रकार आहेत, गुजर घरात गुजरी चालते. जी बोली कानावर नाही ती लिहायला जाऊ नका. ते पात्र कमी बोलकं ठेवा किंवा त्या बोलीच्या मित्राला बसवून ओळी तपासून घ्या. बोलीत लिहिलं तर छापतं कोण, ही शंका मनात असेल तर बहिणाबाई चौधरींकडे बघा. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या-कविता घरातल्यांनी टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक आलं. टिपणारा कोणी तरी घरात असावा लागतो, एवढंच.

हाका मारण्याचंही तसंच. प्रत्येक पात्र वडिलांना 'बाबा' म्हणत असेल तर ते टीव्हीवरून आलंय. आप्पा, नाना, तात्या, भाऊ, दादा, आबा, जिभाऊ यांतलं त्या घरात काय चालतं ते आधी ठरवा.

एक धंदा पुरता समजून घ्या

सुट्टीत क्रिकेट, भटकणं, मामाच्या गावाला जाणं चालूच राहील, ते बंद करू नका. फक्त त्यातलं एक काम निवडा आणि त्याच्या मागे लागा. केळीची कापणी, जिनिंग, गॅरेज, भुसावळचं रेल्वे क्वार्टर, आठवडे बाजारातलं मिरचीचं दुकान, काहीही चालेल. दोन सकाळी तिथे बसा आणि विचारा: पहिला माणूस किती वाजता येतो, पैसे कोण देतो आणि कधी, हातातल्या वस्तूला काय म्हणतात, काय बिघडलं की शिव्या कोणाला बसतात, बिघडलेल्या मालाचं पुढे काय होतं.

समजा केळीचा बाग निवडला. बाहेरून दिसते ती हिरवळ. जवळ गेलात तर कापणाऱ्याच्या सदऱ्यावर काळपट तपकिरी डाग दिसतील. केळीचा चीक कपड्याला लागला की धुतल्यावर तो डाग जात नाही, उलट गडद होतो. म्हणून बागेत जायचे कपडे वेगळे असतात. आता तुमच्या कथेतला मजूर लग्नाला आलाय आणि त्याच्या नव्या शर्टाच्या बाहीवर तसा एक डाग आहे. तो कुठून आला, का आला, याला वाक्यं लागत नाहीत, वाचकानं ओळखलेलं असतं. किंवा जूनच्या तोंडाशी वावटळ येते आणि घडानं वाकलेली झाडं रात्रीतून आडवी होतात. दोन वर्षांचं कर्ज एका रात्रीत अंगावर येतं ते असं. 'निसर्गाचा प्रकोप' हे शब्द लिहावे लागत नाहीत.

याच वेळी एका पानावर वर्षाचं कॅलेंडर करून भिंतीला लावा. नाही तर हमखास चुका होतात. कपाशी फुटते ती दिवाळीच्या आगेमागे, मेमध्ये नाही. भरताच्या पार्ट्या हिवाळ्यातल्या: हिरवी वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, जोडीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. अखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि पुरुष पत्ते कुटतात. कानबाई देवीचा उत्सव श्रावणात, सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला, सातपुड्यातल्या आदिवासींचा भोंगऱ्या बाजार होळीच्या आधी. माहेरी आलेली नायिका कोणत्या सणाला आली, एवढं ठरलं की ती ऊन सोसत आली की चिखल तुडवत, हे आपोआप ठरतं.

आजोबांच्या काळातली गोष्ट लिहीत असाल तर नावं तपासा. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व आणि पश्चिम. १९५५ सालच्या पत्रावर 'जि. पूर्व खानदेश' असंच येईल, 'जि. जळगाव' नाही, कारण जळगाव आणि धुळे ही जिल्ह्यांची नावं १९६० नंतरची. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ चा, त्यामुळे १९९० मधलं नंदुरबारचं पात्र कलेक्टर कचेरीत धुळ्याला जाणार. जळगावचं विद्यापीठही १९९० चं. त्याआधीच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का. मुक्ताईनगरला जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात. एवढ्या तपशिलानं काळ उभा राहतो, आणि एक चूक झाली की आजोबांच्या वयाचा वाचक पुस्तक मिटतो.

वाचन, मेकॅनिकसारखं

गावच्या वाचनालयात नाव घाला. आधार कार्डाची प्रत, फोटो, थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी एवढ्यावर काम होतं. जळगावच्या व. वा. वाचनालयासारखं जुनं ग्रंथालय जवळ असेल तर नशीब समजा. ऐतिहासिक काही लिहायचं असेल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे आधी काय हवं ते कागदावर लिहून न्या. रद्दीच्या दुकानात जुने दिवाळी अंक किलोवर मिळतात, तेही सोडू नका.

आवडलेली एक कादंबरी दुसऱ्यांदा घ्या आणि खोला. प्रकरणं किती, प्रत्येक किती पानांचं, पहिलं भांडण कितव्या पानावर, पहिल्या दहा पानांत किती माणसं येतात, काळ कुठे उडी मारतो. त्यातलं एक पान हातानं उतरवून काढा. वाक्याची लांबी मनगटाला कळते.

चिठ्ठ्या

घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतो. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून वीस चिठ्ठ्या करा. वीस प्रसंग, प्रत्येकी दीड हजार शब्द, झाले ३०,०००. प्रत्येक चिठ्ठीवर पाच ओळी: कोण, कुठे, त्याला काय हवंय, काय आडवं येतंय, प्रसंगाअखेर काय बदललं. पाचवी ओळ सुचत नसेल तर ती चिठ्ठी फाडा. वर्णन कितीही गोड असो.

चाळिसाव्या पानावर वही थांबते ती इथल्याच दुर्लक्षामुळे. सुरुवात होते संध्याकाळच्या वर्णनानं, उदास नायकानं, तापीच्या पुलावर. तो उदास का आहे ते लेखकालाही ठाऊक नसतं, कारण त्याला काहीच नको असतं. चाळीस पानांत उदासी संपते आणि मग अपघात, नाही तर आत्महत्या. उपाय साधा आहे: नायकाला मोजता येईल अशी एक गोष्ट हवी करा. हॉस्टेलची फी, विकलेली म्हैस परत आणणं, बहिणीची सोयरीक मोडणं. मग तो हलतो.

माणसं ओळखू येतील ही भीती रास्त आहे. नुसतं नाव बदलून भागत नाही. धंदा, वय आणि घराची जागा, तिन्ही बदला. आडनाव तर फार जपून द्या. महाजन, चौधरी, पाटील, तडवी, पावरा, वळवी, पाडवी असं कोणतंही आडनाव वाचलं की खान्देशी वाचक तालुका आणि समाज दोन्ही धरतो. गाव एका भागातलं आणि आडनावं दुसऱ्या भागातली झाली तर तो तिथेच हसतो.

लिहिताना कोणाला गोष्ट सांगू नका, स्टेटसला तर मुळीच टाकू नका. चार जणांनी 'भारी' म्हटलं की लिहिण्याची भूक तिथेच भागते.

टायपिंग

एक वही भरली की दुपारच्या वेळात टाइप करायला घ्या. फोनवर देवनागरी कीबोर्ड पुरतो. आपोआप दुरुस्ती बंद करा, नाही तर 'शे' आणि 'तठे' गुपचूप बदलतात. बोलून टाइप करायची सोय निवेदनाला ठीक आहे, अहिराणी संवादाला नाही. डीटीपीवाल्याकडे देणार असाल तर युनिकोडमध्येच करून द्या असं आधीच ठरवा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती विचित्र चिन्हं दिसतात आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. फाइलच्या नावात तारीख घाला, रोज स्वतःलाच मेल करा, आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्या. फोन हरवल्याचं दुःख भरून निघतं, त्यातल्या वीस हजार शब्दांचं नाही.

पुरा झाल्यावर

खर्डा महिनाभर बघू नका. मग तीन जणांना द्या: एक ती बोली बोलणारा, एक खान्देशाबाहेरचा, एक फारसं न वाचणारा. तिसऱ्याला वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा पाहा. तो फोनकडे वळला त्या ओळीपाशी पेन्सिलीनं खूण करा. 'कसं वाटलं' विचारू नका, 'कुठे थांबलास' विचारा.

छापायची घाई नको. पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे पुष्कळ भेटतात. मग शंभर प्रती पलंगाखाली आणि नातेवाइकांना भेट. त्यापेक्षा एखादं प्रकरण कथेसारखं सुटं करून दिवाळी अंकाला पाठवा. अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात निघते तेव्हा नियम नीट वाचून अर्ज करा.

हस्तलिखिताच्या तिन्ही वह्या मात्र टाकू नका. खोडलेलं सगळं त्यांतच असतं आणि दुसऱ्या खर्ड्याला त्यातलंच काही परत लागतं. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, वर तारखा लिहा आणि भिंतीला न टेकवता फळीवर ठेवा. पहिल्या पावसानंतर भिंती ओल धरतात आणि मातीच्या घरात वाळवीला वही आणि चौकट सारखीच. हॉस्टेलला जाताना घरी सांगून जा की त्या रद्दीतल्या नाहीत.